बऱ्हाणपूरचा महजर

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली की निवेदन वाचण्याची एक सवय लागते. वरचा मजकूर आधी कोणी वाचत नाही, आधी खालच्या सह्या बघायच्या. किती आहेत, कोणाच्या आहेत, सरपंचाची आहे का, ज्या वाड्याबद्दल तक्रार त्या वाड्यावरच्या एकाची तरी आहे का. मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, खरी बातमी सह्यांत असते. इतिहास वाचतानाही माझी ही खोड गेलेली नाही. म्हणूनच बऱ्हाणपूरच्या लोकांनी १६८१ मध्ये औरंगजेबाला धाडलेल्या एका अर्जाने मला बरेच दिवस सतावले आहे.

बऱ्हाणपूर आपल्याला तसे दूरचे नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून उत्तरेकडे निघाली की त्याच गावावरून जाते. मी भुसावळला उतरून रावेरमार्गे बसने गेलो होतो. रावेर सोडले की केळीच्या बागा संपतच नाहीत, आणि महाराष्ट्र कधी संपला हे पाट्यांवरूनच कळते. पाट्यांवर 'बुरहानपुर', बोलण्यात मात्र बऱ्हाणपूर. शहर तापीच्या काठावर, फारुकी सुलतानांनी १४०० च्या सुमारास खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेले. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला, फारुकी संपले आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. दक्षिणेवर चालून येणारा प्रत्येक शहजादा इथे तळ टाकून गेला. मुमताजमहल इथेच १६३१ मध्ये बाळंतपणात वारली आणि आधी तापीपलीकडे जैनाबादेत पुरली गेली. पर्यटकांना एवढेच सांगतात. असो.

मला तिथे शोधायची होती कचेरी. म्हणजे ती आता सापडणार नाही हे ठाऊक होते, पण एवढे मोठे शहर चालत होते ते कोणाच्या जिवावर, तक्रार घेऊन माणूस कोणाच्या दारात उभा राहत होता, हे मला जाणून घ्यायचे होते.

मोगलांच्या शहरात दोन माणसे महत्त्वाची. एक काजी, दुसरा कोतवाल. कोतवालाची कामे आइने-अकबरीत दिली आहेत ती वाचून आपल्याकडचा कोणताही मुख्याधिकारी धास्तावेल. घरांची नोंदवही ठेवायची, प्रत्येक मोहल्ल्याला एक प्रमुख नेमायचा, आलेल्या-गेलेल्याची खबर ठेवायची, बाजारभाव आणि वजने तपासायची, बेवारशी मालाची यादी करायची, शिवाय चोर पकडायचे. पोलीस, नगरपालिका आणि वजनमापे खाते एकाच माणसात. काजीकडे खटले तर होतेच, पण त्याहून जास्त काम होते शिक्क्याचे. घर विकले, गहाण टाकले, वाटणी झाली की कागदावर काजीचा शिक्का घ्यायला हिंदूही जात. आज आपण एक-चौदाच्या उताऱ्यासाठी जातो तसे. शिक्का कोणत्या धर्माच्या माणसाचा आहे यापेक्षा तो उद्या भांडणात उपयोगी पडेल का, हे लोक बघत असत. जातीतले, धंद्यातले तंटे मात्र लोक आपापल्या पंचांपुढेच मिटवीत.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीराकडे जाताना बऱ्हाणपुरात आला. त्याला सामोरा आला तो इथला कोतवालच, सोळा निशाणे पुढे घेऊन. आणि एवढ्या थाटानंतर उतरायला दिल्या त्या सराईतल्या चार खोल्या, रोच्या शब्दांत भट्टीएवढ्या. (सरकारी विश्रामगृहाचा अनुभव असलेल्यांनी हसू नये.) हा रो मला वेगळ्याच कारणासाठी आठवतो. हिंदुस्थानात येण्याआधी तो लंडनमध्ये व्हर्जिनिया वसाहतीच्या कौन्सिलावर होता. म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीचा कारभार ठरवणाऱ्यांतला एक माणूस बऱ्हाणपूरच्या कोतवालापुढे उभा राहून गेला होता.

बीएला असताना अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता, त्यात वसाहतींमधल्या न्यायालयांवर एक प्रकरण होते. परीक्षेपुरते पाठ केले. ते कळले कचेरीत लागल्यावर. व्हर्जिनियात १६३४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायालये झाली. पण ती नुसती न्यायालये नव्हती. गावातले आठ-दहा जमीनदार न्यायाधीश म्हणून बसत, त्यांतल्या बहुतेकांना कायद्याचे शिक्षण नसे. ते कर्जाचे खटले ऐकत, खरेदीखते नोंदवत, अनाथांच्या मालमत्तेवर देखरेख ठेवत, रस्ता कोणी दुरुस्त करायचा ते ठरवत, खानावळीला परवाना देत. सगळे एकाच बैठकीत. उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समध्ये गावसभा होत्या, तिथे लोक जमून कर आणि कारभारी ठरवत. सांगायचे एवढेच की न्याय आणि गावचा कारभार यांच्यात आज जी भिंत आहे ती तेव्हा तिकडेही नव्हती, इकडेही नव्हती. फरक होता तो लोकांच्या हातात काय होते याचा. बऱ्हाणपूरच्या रहिवाशाने कोतवाल निवडला नव्हता आणि तो काढूही शकत नव्हता. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे महजर.

महजर हा शब्द आपल्या जुन्या कागदांत पदोपदी भेटतो. मूळ अरबी. हजर, हजेरी, हुजूर आणि महजर हे सगळे एका धातूतले. महजर म्हणजे हजर असलेल्यांचा कागद. अमुक ठिकाणी अमुक लोक जमले, त्यांना अमुक ठाऊक आहे, आणि त्याला त्यांची साक्ष आहे. त्याला जोर येतो तो खालच्या शिक्क्यांनी आणि निशाण्यांनी.

आता १६८१. त्या वर्षी १६ जानेवारीला संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिनाअखेरीला मराठी फौजा बऱ्हाणपुरावर होत्या. सुभेदार खानजहान बहादूर औरंगाबादेकडे, शहर त्याच्या दुय्यम काकरखानाच्या हवाली, शिबंदी अगदी थोडी. तटाच्या आतले शहर वाचले, पण बाहेरचे बहादूरपुरा आणि इतर सतरा पुरे तीन दिवस लुटले गेले. बहादूरपुऱ्यात सराफ आणि मोठमोठे व्यापारी राहत, देशोदेशीचा माल आणि जवाहीर तिथे होते असे खाफीखान लिहितो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ही मोहीम एका ओळीत येते आणि ती ओळ वाचताना छाती फुगते, माझीही फुगली आहे. मोगलांच्या दक्षिणेतल्या खजिन्यावर घातलेला तो घाव होता, आणि लष्करी दृष्टीने अचूक होता. पण लुटल्या गेलेल्या गावाचीही एक बाजू असते. १६८३ मध्ये जुवे बेट मराठ्यांनी घेतल्यावर जुन्या गोव्यात काय उडाले, व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने आपला दंड नेऊन संत झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला, हे आपण गोव्यात आजही सांगतो. मग बऱ्हाणपूरच्या लोकांनी काय केले हेही ऐकावे.

त्यांनी बादशहाला लिहिले. खाफीखानाच्या सांगण्याप्रमाणे शहरातले प्रतिष्ठित लोक एकत्र आले आणि त्यांनी कळवले की काफिरांचा जोर झाला आहे, मुसलमानांची अब्रू आणि मालमत्ता गेली आहे, आणि असेच राहिले तर आम्ही शुक्रवारची नमाज बंद करू.

पहिल्यांदा वाचताना हे मला नुसते गाऱ्हाणे वाटते. पण शुक्रवारच्या नमाजात खुतबा वाचतात आणि खुतब्यात राज्यकर्त्याचे नाव घेतात. ज्याच्या नावाने नाणे आणि ज्याच्या नावाने खुतबा तो राजा, अशी ती रीत. शुक्रवारची नमाज बंद म्हणजे बादशहाचे नाव घेणे बंद. जिथे धर्माचे रक्षण होत नाही तिथे आमच्या लेखी तुमचे राज्य नाही, असे हे अदबीने सांगणे होते. निवडणूक नाही, सभागृह नाही, हत्यार नाही, पण आमची हजेरी काढून घेऊ एवढे ते म्हणू शकत होते. तेही कोणाला? तर औरंगजेबाला.

अर्जाचा उपयोग झाला. खानजहानाला खरमरीत पत्र गेले आणि आपण स्वतः दक्षिणेत येत असल्याचे बादशहाने कळवले. त्याच्या येण्याला मोठे कारण त्याचा बंडखोर मुलगा अकबर होता, तो जूनमध्ये मराठ्यांच्या आश्रयाला आला होता. तरी १३ नोव्हेंबर १६८१ ला औरंगजेब बऱ्हाणपुरात पोचला आणि तीनेक महिने राहिला. उत्तरेला तो पुन्हा गेला नाही.

आता सह्यांकडे येतो. अर्जात अब्रू आणि मालमत्ता गेली ती मुसलमानांची. बहादूरपुऱ्यातल्या सराफांत हिंदू वाणी-साहुकार भरपूर असणार, त्या काळच्या कोणत्याही व्यापारी शहरात ते होतेच. फोडलेल्या दुकानांना धर्म नव्हता. मग त्यांचे नाव कुठे आहे? कुठेही नाही. ते त्या कागदाला हजर नव्हते. शुक्रवारची नमाज बंद करण्याची धमकी त्यांना देता येणार नव्हती, आणि दुसरी कोणती धमकी त्यांच्याकडे नव्हती.

त्यांची खबर आपल्याला मिळते ती दुसऱ्या कागदातून, तीही जमाखर्चाच्या. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला होता. काकरखान, ज्याच्या हाती शहर होते, तोच बऱ्हाणपुरात जिझियाचेही काम बघत होता. दिल्लीत त्यावर हिंदू मोठ्या संख्येने जमले, बादशहाची जामा मशिदीची वाट अडवली, तेव्हा त्यांच्यावर हत्ती घालण्यात आले. म्हणजे हजेरी लावण्याचा प्रयत्न तिथे झाला होता आणि त्याचे उत्तर काय मिळते हे बऱ्हाणपुरात कळले असणारच. १६८२ मध्ये मीर अब्दुल करीम हा बऱ्हाणपूरचा जिझिया अमीन होता. त्याच्या मदतीला स्वार आणि पायदळ दिले होते. आधी सबंध शहरातून वर्षाला २६ हजार रुपये येत, याने तीन महिन्यांत अर्ध्या शहरातून त्याच्या चौपटीहून जास्त रक्कम काढली. लुटीला वर्ष-दीड वर्ष झाले होते. बहादूरपुऱ्यातल्या एखाद्या साहुकाराच्या वहीत मराठ्यांनी नेलेले आणि अमिनाने नेलेले एकाच पानावर आले असेल. एका लुटीबद्दल बादशहाला अर्ज गेला. दुसरीबद्दल कोण कोणाला लिहिणार?

अमेरिकेतला १७७४ चा एक प्रसंग याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांवर निर्बंध घातले आणि न्यायाधीश, पंच नेमण्याची रीत बदलून गव्हर्नरच्या हाती दिली. ६ सप्टेंबरला वूस्टर गावी जिल्हा न्यायालय बसायचे होते. त्या दिवशी ३७ गावांतून ४,६२२ माणसे आली. गावागावाची मोजणी झाली म्हणून आकडा इतका नेमका. त्यांनी कचेरीची दारे धरली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लावल्या. न्यायाधीशांना हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालायला लावले, आणि या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही हे पुन्हा पुन्हा, तीसएक वेळा, मोठ्याने वाचायला लावले. रक्त सांडले नाही. इंग्रजांचे न्यायालय त्या जिल्ह्यात बंद पडले, तेही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पावणेदोन वर्षे आधी. बऱ्हाणपूरकरांनी जी धमकी दिली तिचाच हा पुरा झालेला प्रयोग.

आणि तिथेही रांगेत कोण नव्हते हे बघावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा गुलाम होते. त्यांनीही १७७३ आणि १७७४ मध्ये प्रांताच्या सरकारकडे अर्ज केले होते, तुम्ही ज्या स्वातंत्र्याच्या गोष्टी करता ते आम्हालाही द्या म्हणून. दाद लागली नाही. पण १७८१ मध्ये त्याच वूस्टरच्या न्यायालयात क्वॉक वॉकर नावाच्या एका गुलामाने मालकाविरुद्ध दावा लावला आणि पंचांनी तो स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. सभेने ज्याला आत घेतले नव्हते तो न्यायालयाच्या दाराने आत आला. बऱ्हाणपूरच्या साहुकाराला असे दुसरे दार नव्हते, किंवा होते ते काजीचे, आणि जिझियाविरुद्ध काजीकडे जाऊन काय होणार होते!

मराठ्यांचा अंमल आल्यावर काय बदलले? १७१९ च्या सनदांनी खानदेशाची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. तेव्हापासून बऱ्हाणपुरात कितीतरी वर्षे दुअंमल होता. मोगलांचा, पुढे निजामाचा अधिकारी आपला वसूल घेई आणि पेशव्यांचा कमाविसदार आपला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये शहर पेशव्यांना मिळाले, नंतर शिंद्यांकडे गेले. स्ट्यूअर्ट गॉर्डन या अमेरिकन अभ्यासकाने पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद वाचून बऱ्हाणपूर आणि भोवतालचा मुलूख यांवर लिहिले आहे. त्याच्या अभ्यासातून दिसते ते असे की शहर एका लुटीने बसले नाही. दरबार, उमराव आणि त्यांच्याबरोबर येणारी गिऱ्हाइके हळूहळू निघून गेली, म्हणून ते बसले.

मराठी मुलखात तंटा गोतसभेपुढे जाई. यावर ज्यांनी मूलभूत काम केले ते डॉ. वि. त्र्यं. गुणे पुढे आपल्या पणजीच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले, हे पुष्कळ गोवेकरांनाही माहीत नसते. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत. वादी-प्रतिवादी आपापला करीना देत, जामीन देत. साक्षी होत, क्वचित उकळत्या तुपातून रवा काढण्याचे दिव्यही होई, तो भाग काही गौरवाचा नाही. जिंकणाऱ्याने हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. आपले गोत पक्षपाती वाटले तर दुसऱ्या गावी थळ मागता येई. निवाड्याखाली ज्याची त्याची निशाणी, पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. लिहिता न येणाऱ्याचीही हजेरी कागदावर राही. बऱ्हाणपूरच्या अर्जापेक्षा इथे जास्त जातींचे हात एका कागदावर येत, एवढे खरे. बायका मात्र वादी म्हणून भेटतात, निवाडा करणाऱ्यांत नाहीत.

यातला एक शब्द मला फार आवडतो, राजीनामा. आज आपण नोकरी सोडताना देतो तो नव्हे. सभा सुरू होण्याआधी दोन्ही बाजू लिहून देत की ही सभा जे ठरवील त्याला आम्ही राजी आहोत. तो राजीनामा. सभेचा अधिकार या कागदातून सुरू होई. वरून शिक्का मिळाला तरी समोरचे दोघे राजी नसतील तर सभा कशाच्या जोरावर बोलणार? वूस्टरच्या न्यायाधीशांनी रस्त्यात वाचला तो दुसऱ्या अर्थाचा राजीनामा, आणि त्याला कारण झाले ते पहिल्या अर्थाचा राजीनामा लोकांनी काढून घेणे.

गोव्यात हे सगळे गावकरीच्या रूपाने होते आणि पोर्तुगीजांनी ते मोडले नाही, लिहून काढले. आफोंसु मेशियाचा १५२६ चा फोराल म्हणजे तिसवाडीच्या गावांच्या रूढींची नोंद. लिहिले म्हणून टिकले, आणि लिहिले म्हणूनच सरकारच्या हातात गेले, असे दोन्ही म्हणता येते. पुढे कोमुनिदादींसाठी संहिता आल्या, वर प्रशासक आला, आणि गावकाराची हजेरी वर्षाच्या झोणापुरती उरली. आपल्याकडेही गावकार नसलेला कुळवाडी त्या बैठकीला हजर नसायचा, हे बऱ्हाणपूरकरांना नावे ठेवताना विसरू नये.

बऱ्हाणपूर १८६० च्या तहाने शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये तिथे नगरपालिका झाली. त्याच वर्षी लिस्बनमध्ये तो नागरी कायदा झाला, ज्याचा कुटुंबविषयक भाग गोव्यात आजही चालतो. इंग्रजांनी निमाड जिल्ह्याची कचेरी पुढे नेली ती खांडव्याला, आणि एकेकाळी सबंध खानदेशचा कारभार जिथून चालला ते गाव एक तहसील झाले. दाव्यासाठी रेल्वेने खांडव्याला जायचे. नगरपालिकेच्या वाट्याला आले ते मोगलांनी १६१५ मध्ये खणलेले पाण्याचे भुयारी पाट. त्यांना कुंडी भंडारा म्हणतात. जमिनीखालून डोंगराचे पाणी उताराने शहरात आणणारी ती व्यवस्था काही भागात अजून वाहते. विहिरींसारख्या तोंडांतून खाली बघितले की पांढऱ्या चुनखडीच्या भिंती आणि चालते पाणी दिसते.

१५ ऑगस्ट २००३ ला बऱ्हाणपूर पुन्हा जिल्हा झाले. आता कलेक्टर आहे, जिल्हा न्यायालय आहे, महापालिका आहे, निवेदन द्यायला खांडव्याला जावे लागत नाही. जुने कागद मात्र परतले नाहीत. शिंदे-पेशव्यांच्या काळाचे शोधायला पुण्याचे दप्तर, मोगली कागद हैदराबादेत, आणि त्या एका अर्जासाठी खाफीखानाची फारसी बखर. गुणे ज्या पुराभिलेखागाराचे संचालक होते तिथे आपल्या गावकऱ्यांच्या वह्या आहेत, मोडीत आणि गोयकानडीत. गोयकानडी वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्याच्या आजोबांचे गाव तिसवाडीत किंवा साष्टीत असेल त्याने एकदा जाऊन त्या वह्यांतली पाने नुसती उलटून यावीत, खालच्या निशाण्या बघायला अक्षरओळख लागत नाही.